पेटीतला वैशाख

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रविषयक माझे ज्ञान सायकलच्या पंपापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. असा माणूस संगणकाच्या पंख्यांवर लिहायला बसलेला पाहून आमचे विज्ञान शाखेतले सहकारी हसतील. हसोत बापडे!

आम्ही अंबाजोगाईचे. गाव बालाघाटाच्या डोंगरावर. त्यामुळे खाली बीडला असणारे पाहुणे ‘तुमच्याकडे काय, थंड हवा!’ असे म्हणून जातात. त्यांनी मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या अभ्यासिकेत बसून दाखवावे. भिंतीवरचा पारा 41 अंशांवर, आणि मी संगणकापुढे आईच्या ओव्या ऐकत.

2009 साली मी आईला जात्यावर बसवून तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. 2016 साली ती गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या चमूने 1996 सालीच आमच्या जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, बायकांच्या ओव्या मुद्रित करून ठेवल्या होत्या. मी मराठीचा प्राध्यापक असून मला जाग आली ती तेरा वर्षांनी! ती अकरा तासांची मुद्रणे स्वच्छ करावीत, मधली कुत्र्यांची भुंकणी, ट्रकचे भोंगे काढून टाकावेत आणि मग एकेक ओवी कागदावर उतरावी, असा माझा संकल्प होता.

संगणकाला तो मानवेना. काम सुरू केले की पेटीतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज निघे आणि पंधरा-वीस मिनिटांत पडदा काळा! मी पेटीचे एका बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा कूलरच ओढून पेटीजवळ आणला. इतक्यात छत्रपती संभाजीनगरहून भाचा आला. तो अभियांत्रिकीला आहे.

‘‘मामा, यंत्राला दमट वारा घालताय?’’ तो किंचाळलाच. ‘‘आणि या ओव्यांची दुसरी प्रत कुठं आहे?’’

दुसरी प्रत नव्हती. दासोपंतांनी याच गावात सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. दासोपंत 1615 साली गेले, पण ते कापड आजही आहे. त्याला ना वीज लागली, ना पंखा. माझ्या आईचा आवाज मात्र एका तापलेल्या पेटीत कोंडलेला होता. त्या रात्री भाच्याने पहिले काम केले ते दोन प्रती काढून घेण्याचे.

सकाळी पेटी उघडली. आत धुळीची आणि कापसाच्या तुसाची अशी गोधडी जमली होती की सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. मागच्या बाजूला 80 मिलिमीटरचा एकच पंखा, त्याचेही वंगण सुकलेले. पुढे दोन पंख्यांची जागा रिकामीच.

‘‘पंखा थंड करत नाही, मामा,’’ भाचा म्हणाला. ‘‘तो फक्त हवा हलवतो. खोलीत 41 असताना पेटीत 40 कधीच होणार नाही. आतली तापलेली हवा बाहेर आणि बाहेरची आत, एवढंच त्याचं काम.’’

मला एकदम आजोबांचे माळवदाचे घर आठवले. वर धुराला साणे, खाली दार. दार लावून घेतले की साणे असूनही चुलीचा धूर घरभर कोंडे. आजीला हे कुठल्या अभियांत्रिकीने शिकवले नव्हते.

तापले की यंत्राचा मेंदू आधी आपली गती कमी करतो आणि शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी बंदच पडतो. आमच्याकडचा 97 पर्यंत चढत होता. 2013 च्या दुष्काळात शेजारच्या परळीचे वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. वीज करणाऱ्या अवाढव्य यंत्राची जी गत, तीच वीज खाणाऱ्या माझ्या पेटीची!

भाच्याने 120 मिलिमीटरचे तीन पंखे मागवले. मोठे पाते सावकाश फिरूनही लहानाइतकी हवा हलवते, म्हणून आवाज कमी. त्यांना चार तारा. चौथीवरून उष्णतेप्रमाणे गती कमी-जास्त होते. पुढे दोन, मागे एक. आत जास्त हवा ढकलली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती पुढच्या जाळीवरच अडते.

पुढचे दोन पंखे मी स्वतः बसवले आणि इथेच माझी विद्वत्ता उघडी पडली. पारा उतरण्याऐवजी चढू लागला. भाच्याने देवघरातली उदबत्ती आणून पेटीपुढे धरली. धूर आत जाण्याऐवजी माझ्या तोंडावर आला. मी दोन्ही पंखे उलटे बसवले होते! तिघेही हवा बाहेर फेकत होते, आत यायला धड वाट नाही. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. ज्या बाजूला आडव्या काड्या, तिकडून वारा बाहेर पडतो. कर्तरी-कर्मणीच्या चुकांवर आयुष्यभर लाल रेघा मारलेल्या मला तो एवढासा बाण दिसू नये?

‘‘आता यंत्राचीही पूजा का?’’ सौभाग्यवतींनी दारातून विचारले.

पंखे फिरवून बसवले, मेंदूवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावला. त्याच दुपारी, त्याच कामाला 78 अंश. जाळी मात्र दर रविवारी धुवावी लागते. ते काम माझ्याकडे आहे.

संध्याकाळी मी पहिले मुद्रण लावले. आई गात होती. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘अहो, एवढा खर्च केलात, तरी तुमचं यंत्र घरघरतंयच की!’’

भाच्याने पेटीला कान लावला. ती गप्प होती. मी मुद्रण थांबवले, तशी घरघरही थांबली.

जुन्या पंख्याच्या आवाजात ते मला कधी ऐकूच आले नव्हते. आईचे जाते फिरत होते.