पहिल्या पावसात माळावरचा स्फुरद जातो कुठे? बिदर-कलबुर्गीच्या गायरानांचा हिशोब

बिदर : भालकी, औराद असो, बसवकल्याण असो की कलबुर्गीतलं आळंद, गायरानावर खताचं पोतं कुणी टाकत नाही. पावसाळा आला की गवत येतं, जनावरं चरतात, पुढच्या साली पुन्हा गवत. सगळं फुकटात चाललंय असं वाटतं. पण दर लिटर दुधातून साधारण एक ग्रॅम स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बाहेर जातो. शेण गोळा करून नेलं की आणखी जातो. नत्राचं तसं नाही, काही जीवाणू तो हवेतून जमिनीत आणतात. स्फुरद हवेत वायूरूपात नसतोच. तो मुळात खडकातून येतो, आणि खडक झिजायला हजारो वर्षं लागतात.

माती दोन, अडचण एकच

बिदर शहराच्या आसपास जांभ्या दगडाची तांबडी जमीन आहे, तर कलबुर्गीकडे बहुतेक काळी. तांबड्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, काळ्या जमिनीत चुना. त्यामुळे मातीत स्फुरद असूनही मुळांना फार थोडा मिळतो.

म्हणूनच खत न घातलेल्या माळावर सेंद्रिय स्फुरदाचा मोठा आधार असतो. कुजलेली मुळं, पालापाचोळा, शेण आणि सूक्ष्मजीवांची शरीरं यांत तो साठलेला असतो. मातीतल्या एकूण स्फुरदापैकी साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश या रूपात असू शकतो. मुळं आणि जीवाणू फॉस्फेटेज नावाचं विकर सोडतात, ते हा साठा हळूहळू मोकळा करतं आणि गवताला स्फुरद मिळतो.

हवामान काय करतं?

या कामाला ओल लागते आणि ऊबही लागते. दोन्ही असली की कुजणं जोरात चालतं. पण नवं गवत कमी आणि कुजणं जास्त असं झालं, तर साठा घटत जातो. मोकळा झालेला स्फुरद मुळांनी वेळेत उचलला नाही, तर चुना किंवा लोह त्याला पुन्हा पकडतं.

दुष्काळात उलटं होतं. जीवाणू मंदावतात, विकरांचं काम थंडावतं, गवतही कमी येतं. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या २२४ कोरडवाहू ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमीन जितकी कोरडी, तितका सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमी, आणि खनिज स्फुरद मात्र जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे खडकातला स्फुरद राहतो, पण त्याच्या जोडीला लागणारा कर्ब आणि नत्र घटतो.

आपल्याकडे सगळ्यात नाजूक वेळ मृगाची. मार्च ते मे माती भाजून निघते. त्यावर एकदम सर आली की वाळलेल्या जीवाणूंच्या पेशी फुटतात आणि आतला स्फुरद पाण्यात उतरतो. इंग्लंड-वेल्समधल्या २९ कुरणांची माती वाळवून पुन्हा भिजवली, तेव्हा पाण्यात विरघळणारा स्फुरद वाढलेला दिसला. तो अभ्यास २००१ चा.

माळावर मारवेल, पवन्यासारख्या बहुवार्षिक गवताची मुळं जिवंत असतील, तर ती हा स्फुरद पकडतात. माळ उघडा पडलेला असेल, तर तो गढूळ पाण्यासोबत ओढ्यात, तिथून कारंजा-मांजरेत किंवा भीमेत. साठा वरच्या थरातच जास्त असतो आणि पहिली धूपही त्याच थराची होते. लांबलेली उघडीप आणि मग एकदम धो-धो पाऊस, असं जितकं जास्त घडेल, तितका हा तोटा वाढेल.

गोठ्यात दिसणारी लक्षणं

जनावर हाडं चघळतं, माती किंवा चिंध्या खातं, तेव्हा स्फुरदाची कमतरता असू शकते. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीला लाल लघवी होते, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होते, म्हणून घरगुती उपाय न करता लगेच पशुवैद्याला बोलवावं. वाळलेलं गवत आणि कडबा यांत स्फुरद कमी असतो, गव्हाच्या कोंड्यात चांगला असतो.

गावाला काय करता येईल?

मृद आरोग्य पत्रिकेतला स्फुरदाचा आकडा फक्त 'उपलब्ध' स्फुरदाचा असतो, सेंद्रिय साठा त्यात दिसत नाही. म्हणून शेजारचा सेंद्रिय कर्बाचा आकडाही पाहावा. तो घसरत असेल, तर सेंद्रिय स्फुरदही घसरत असण्याची शक्यता मोठी. कर्नाटकात रैत संपर्क केंद्रात, महाराष्ट्रात सहायक कृषी अधिकाऱ्याकडे माती तपासणीची चौकशी करता येते.

पावसाच्या सुरुवातीचे काही आठवडे गायरानाचा एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवला, तर मुळांना सावरायला वेळ मिळतो. उतारावर समतल चर काढले, तर माती अडते. माळ पेटवू नये. जाळल्यावर नत्र धुरात जातो, स्फुरद राखेत उरतो आणि ती राख पहिल्याच पावसात वाहून जाते. शेणाच्या गोवऱ्या जाळण्यापेक्षा शेण गोबरगॅसला घातलं, तर चूलही पेटते आणि स्फुरद मळीत शिल्लक राहतो. त्यातली थोडी मळी गायरानावर परत गेली पाहिजे. शेताला डीएपीचं पोतं विकत आणता येतं, गायरानासाठी मात्र ते आणायला कुणी जाणार नाही.