ओट्याची उंची कोपराला विचारा

गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका घरी गेले होते. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढून नवं ओपन किचन केलेलं. काळाभोर ग्रॅनाइट, ट्रॉल्या अलगद सरकणाऱ्या, उजेड भरपूर. काकू पोळ्या लाटत होत्या आणि पायाखाली त्यांनी पाट घेतला होता, जेवायला बसायचा सागवानी पाट. तवा दोन पावलांवर. पोळी लाटली की पाटावरून उतरायचं, ती तव्यावर टाकायची, पुन्हा चढायचं. शेजारच्या शेगडीवर आमटी उकळत होती.

मी टेप काढून मोजलं. काकूंची उंची पाच फूट, कोपर जमिनीपासून 38 इंचांवर. ओटा 36 इंच आणि वर दीड इंचाचा पोळपाट. म्हणजे लाटणं जवळजवळ कोपराच्या पातळीत फिरत होतं. तिथे जोर लावायचा तर खांदे उचलावेच लागतात. उजव्या खांद्यासाठी त्यांची फिजिओथेरपी चालू होती. ओट्याकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरांची कामं करते. ओट्याच्या उंचीबद्दलचे जे गैरसमज मला पुन्हापुन्हा भेटतात, त्यांतला पहिला या घरातही होता.

गैरसमज : 36 इंच हे स्टँडर्ड माप आहे, ते सगळ्यांना चालतं.

हे माप अमेरिकेतून आलं. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कपाटं, शेगडी आणि सिंक एका सलग रेषेत बसवण्याची पद्धत आली आणि सगळ्यांना मिळून एक उंची ठरली. तिथल्या स्त्रीची सरासरी उंची सुमारे 5 फूट 4 इंच, आपल्याकडे सुमारे 5 फूट. लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी अभियंता बाईंनी घरकामातल्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला होता. काम करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीप्रमाणे ओटा असावा, असंच त्यांचंही म्हणणं होतं.

हिशेब सोपा आहे. घरात ज्या चपला घालून वावरता त्या घालून सरळ उभं राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून 4 ते 6 इंच वजा करा. चिरणं, निवडणं यासाठी 4 चालतील. पोळ्या लाटणं, कणीक मळणं, भाकरी थापणं यांत वरून जोर द्यावा लागतो, म्हणून 6. पाच फुटी बाईसाठी ओटा 32 ते 34 इंचांचा होतो. आपले जुने गवंडी याच मापाने ओटे घालत आले आहेत, आणि ते बरोबर आहे.

घरात उंच मुलगा आणि बुटकी आई दोघंही स्वयंपाक करत असतील तर? जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते, तिचं माप धरावं. दोघंही सारखाच वेळ राबत असतील तर मी बुटक्या व्यक्तीच्या बाजूने उभी राहते. उंच माणसाला तीन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ओट्यावर ठेवून चिरता येतं. बुटक्या माणसाला पाटावर चढावं लागतं, आणि तापलेल्या तेलाजवळ पाट धोक्याचा.

गैरसमज : ओटा म्हटला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच पातळीत हवा.

सगळ्यात जास्त त्रास या समजुतीचा होतो. ओट्याची उंची आणि काम करायची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंकचं उदाहरण घ्या. ओटा 34 इंच, सिंक 8 इंच खोल. भांडी असतात तळाशी, म्हणजे 26 इंचांवर. कढई घासताना कंबर वाकणारच. ‘ओटा खाली झालाय, पाठ दुखते’ अशी तक्रार आली की मी आधी सिंक किती खोल आहे ते मोजते. सिंकची कड कोपरापेक्षा दोनच इंच खाली असावी.

शेगडीचं याच्या उलट. ओट्यावर ठेवायची आपली नेहमीची शेगडी चार-पाच इंच उंच. 34 इंचांच्या ओट्यावर ती ठेवली की कुकरचा तळच 38-39 इंचांवर जातो आणि कुकरचं तोंड छातीच्याही वर. मग आतलं हलवताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो आणि वाफ थेट तोंडावर येते. म्हणून शेगडीखालचा भाग तीन-चार इंच खाली घ्यावा. ग्रॅनाइटमध्ये बसवायचा हॉब असेल तर मात्र त्याची गरज नाही, तो वर जेमतेम दोन इंच येतो. ओट्याखाली सिलिंडर ठेवत असाल तर रेग्युलेटर लावून त्याची उंची मोजा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावरच हवी.

ओटा आठ फुटांपेक्षा लहान असेल तर तीन पातळ्या करू नका. पायऱ्या-पायऱ्यांच्या ओट्यावर परात ठेवायला जागा उरत नाही आणि सांध्यात पीठ अडकतं. तिथे हॉब घ्यावा, सिंक कमी खोलीचं घ्यावं किंवा तळाशी उंच स्टीलची जाळी टाकावी, आणि ओटा पोळ्यांच्या मापाचा ठेवावा.

गैरसमज : ओपन किचन म्हणजे हॉलच्या बाजूला उंच काउंटर आणि स्टूल हवेतच.

42 इंचांच्या काउंटरमुळे ओट्यावरचा पसारा हॉलमधून दिसत नाही, हे खरं. पण त्याला लागणारं स्टूल 30 इंचांचं. त्यावर आजी चढणार नाहीत आणि लहान मुलाला पाय टेकता येत नाहीत. पसारा झाकायचा असेल तर आठ इंच रुंदीची उभी आडभिंत पुरते, तिथे बसायलाच पाहिजे असं नाही. रोज तिथे जेवायचं असेल तर 30 इंचांचा काउंटर आणि घरातल्याच साध्या खुर्च्या, हा माझा कौल. ओट्याच्याच पातळीला, 34-36 इंचांवर काउंटर घेतला तर 24 इंचांच्या आसपासचं स्टूल लागतं आणि गुडघे आत जायला दगड पुढे 12 ते 15 इंच यावा लागतो. एवढा दगड बाहेर काढायचा तर खाली लोखंडी ब्रॅकेट हवाच. नुसत्या चिकटवलेल्या ग्रॅनाइटवर कोणी दोन्ही हात टेकून उठलं की तो तुटू शकतो.

‘कागदावर माप लिहिलं की झालं’ या समजुतीनेही अनेकांना फसवलं आहे. नूतनीकरणात बहुतेक जण जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवतात. जमीन इंच-दीड इंचाने वर येते आणि ओटा तेवढाच खाली जातो. म्हणून उंची नव्या फरशीच्या वरच्या पातळीपासून मोजायची आणि तसं नकाशावर लिहून घ्यायचं. ओट्याखाली डिशवॉशर ठेवायचा असेल तर आणखी एक बघा. सुटा डिशवॉशर साधारण 85 सेंटिमीटर उंच असतो. 34 इंचांचा ओटा 86 सेंटिमीटरचा. त्यातून दगडाची जाडी गेली की यंत्र आत जात नाही.

पायांकडेही बघा. ट्रॉल्यांच्या तळाशी चार इंच उंच आणि तीन इंच आत अशी खाच ठेवली नाही, तर पावलं पुढे जात नाहीत आणि उंची बरोबर असूनही माणूस कमरेतून वाकतो.

ग्रॅनाइट कापायला जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. जेवणाच्या टेबलावर जाड पुस्तकं रचा, वर फळी ठेवा, ठरवलेली उंची टेपने जुळवा आणि त्यावर दहा पोळ्या लाटा. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, तिनेच लाटायच्या. खांदे वर जात असतील तर एक पुस्तक काढा, पाठ वाकत असेल तर एक वाढवा. जे माप जमेल ते गवंड्यासमोर भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.