शिश्किनचा ‘हिवाळा’

चित्रे पाहणे हा फुरसतवाल्यांचा उद्योग. आम्हां गिरणी-कारखान्यांतल्या माणसांस त्याचे काय, असा प्रश्न आमच्या सभांतून पुष्कळदा निघतो. त्याच्या उत्तरादाखल आपण एकच चित्र घेऊ.

इव्हान शिश्किन (१८३२–१८९८) या रशियन चित्रकाराने १८९० साली ‘हिवाळा’ हे तैलचित्र रंगविले. ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. रुंदी दोन मीटरांहून थोडी अधिक. त्यात घडत काहीच नाही. जुन्या वृक्षांचे जाड बुंधे उभे आहेत, काही आडवे झाले आहेत, आणि सर्वांवर बर्फ साचले आहे. माणूस कोठे दिसत नाही. एका फांदीवर लहानसा पक्षी आहे, तोही शोधावा लागतो.

ही शांतता रंगविली कशी? आपल्याला बर्फ ठाऊक ते भुशात गुंडाळलेल्या लादीचे. म्हणून हिम म्हणजे पांढरे, असे आपण धरून चालतो. शिश्किनने मात्र पांढरा रंग सरसकट फासलेला नाही. त्याचे बर्फ सावलीत निळसर-करडे आहे आणि मागे रान विरळ होते तेथे पिवळसर. याला कारण आहे. पांढरी वस्तू अंगावर पडेल तो प्रकाश परत फेकते. सावलीत ऊन पोहोचत नाही, आकाशाचा निळा उजेड तेवढा पोहोचतो. काळपट बुंध्यांशेजारी हे बारीक फरक उठून दिसतात.

असे साधे रान रंगविण्याचा हक्कही भांडून मिळाला होता. १८६३ साली तेथील शाही कला अकादमीतल्या चौदा तरुण कलावंतांनी स्पर्धेसाठी लादलेला पुराणकथेचा विषय नाकारला, एकजुटीने बाहेर पडले आणि सहकारी मंडळ काढले. पुढे १८७० साली फिरत्या प्रदर्शनांची संस्था निघाली. शिश्किन तिच्या संस्थापकांपैकी एक. १८७१ साली सुरू झालेले पहिले प्रदर्शन राजधानीतच न थांबता मॉस्को, कीव्ह, खारकीव्हपर्यंत गेले.

आता मूळ प्रश्न. कामगारांनी आठ तासांचा दिवस मागितला तो केवळ झोपेसाठी नव्हे. उरलेल्या वेळेवर आपली मालकी असावी, हा त्यातला अर्थ होता. त्या वेळेतली पाच मिनिटे या चित्राच्या छापील प्रतीला द्यावीत. आधी निळी सावली शोधावी, मग पक्षी.