कर्णबधिरांचे मौन

कर्णबधिर मनुष्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो. तरीही कित्येक जण वाणीचा उपयोग बुद्धिपुरस्सर टाळतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्याची पट्टी त्यांना कानाने तपासता येत नाही. उच्चार अस्पष्ट राहिले, तर ऐकणारे हसतात. स्पष्ट साधले, तर याला ऐकूही येते असे समजून भराभर बोलू लागतात.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेने खुणांच्या भाषेपेक्षा मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरविली. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत हातांनी बोलण्यास मनाई झाली. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथील परिषदेने ते ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. तीत ज्यांस मनातील सर्व सांगता येते, त्यांस मौन ही उणीव वाटत नाही.

तेव्हा वर्गातील असे मूल बोलत नसल्यास शिक्षकांनी त्यास मुके वा हट्टी समजू नये. चारचौघांत बळेच बोलावयास लावू नये. खुणेने वा लिहून दिलेले उत्तर पूर्ण उत्तर मानावे. बोलावे की नाही, हे त्यासच ठरवू द्यावे.