राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण : निर्मिती आणि मूल्यमापन

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे राष्ट्रीय सुरक्षेची संकल्पना आता भूसीमेपुरती मर्यादित राहिलेली नाही. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातही अनुदान, पीकविमा व बँकव्यवहार संगणकीय जाळ्यावर अवलंबून आहेत. शासन सायबर सुरक्षेचे धोरण कसे आखते व त्याचे यश कसे मोजते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोरणनिर्मिती :
अनेकदा संकटातून धोरण जन्म घेते. एस्टोनियावर 2007 मध्ये सायबर हल्ले झाले आणि 2008 मध्ये त्या देशाने राष्ट्रीय रणनीती स्वीकारली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने कायदेशीर पाया घातला. 2004 मध्ये ‘सर्ट-इन’ ही आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणा कार्यरत झाली व जुलै 2013 मध्ये राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झाले.

मूल्यमापन :
2013 च्या धोरणात पाच वर्षांत 5 लाख कुशल व्यावसायिक घडविण्याचे उद्दिष्ट मोजता येण्याजोगे होते. इतर बहुतेक उद्दिष्टे मात्र ‘सक्षम करणे’, ‘प्रोत्साहन देणे’ अशा शब्दांत मांडलेली होती. मापदंड आधी ठरला नसेल, तर यशापयशाचा निर्णय नंतर करता येत नाही.

पाच वर्षांची मुदत संपली त्याच सुमारास, ऑगस्ट 2018 मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे 94 कोटी रुपये काढले गेले. 28 देशांतील एटीएम केंद्रांतून रोकड निघाली व सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. हल्ला किती वेळात लक्षात आला, सूचना केव्हा दिली गेली, परदेशातून किती रक्कम परत मिळाली, हेच धोरणाच्या कसोटीचे खरे प्रश्न होत. एप्रिल 2022 मध्ये ‘सर्ट-इन’ने सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे बंधनकारक केले. हा निकष तपासता येतो, म्हणून तो महत्त्वाचा.

मूल्यमापन करणारी संस्था स्वतंत्र असणेही आवश्यक आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2019 मध्ये तेथील सायबर कार्यक्रमाची तपासणी करून, तो पुरेशा आर्थिक समर्थनाच्या आराखड्याविना सुरू झाल्याचे नोंदविले.

निष्कर्ष :
धोरणाची खरी परीक्षा जिल्हा पातळीवर होते. 1930 या मदतवाहिनीवर तक्रार केल्यानंतर रक्कम किती वेळात गोठविली गेली व किती परत मिळाली, याची जिल्हानिहाय आकडेवारी नियमित प्रसिद्ध व्हावी. तिचा अभ्यास महाविद्यालयीन संशोधकांना सहज करता येईल. मोजता येणारी उद्दिष्टे, ठरलेली मुदत व स्वतंत्र परीक्षण या तिन्हींवाचून धोरण केवळ संकल्पपत्र ठरते.