नळाला पेटंट मिळाले, पाण्याचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात काविळीची साथ होती. एका आठवड्यात एकाच घरातील तिघे जण दवाखान्यात आले. निवृत्त शिक्षक, त्यांचा धाकटा मुलगा आणि बारावीतील नात. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाचा वाससुद्धा नको. घरात पाणी कोणते पिता, असे विचारले तेव्हा गुरुजी जरा दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे पेटंटचा नळ आहे."

हा नळ मी नंतर पाहिला. दिसायला सुरेख. स्वयंपाकघरातील नळाच्या मानेतच पाणी शुद्ध करणारे काडतूस बसविलेले आणि बाजूला एक खटका. खटका इकडे केला की भांडी घासायचे साधे पाणी, तिकडे केला की पिण्याचे. जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका प्रदर्शनातून तो आणला होता. खोक्यावर 'पेटंट प्राप्त' असे ठळक अक्षरांत छापलेले. नळ बसला त्या दिवसापासून घरातले पाणी उकळणे बंद झाले आणि नगरपालिकेच्या आरोग्यसेविकेने दिलेली मेडिक्लोरची बाटली फडताळात मागे गेली.

मला काळजी वाटली ती घरातल्या थोरल्या सुनेची. तिला सातवा महिना होता. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत सोडून जाते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत दगावू शकतात. तिचे रक्त त्याच दिवशी तपासायला पाठविले. सुदैवाने तिला लागण नव्हती.

नळामुळे कावीळ झाली, असे मी म्हणत नाही. दूषित पाणी वाहिनीतूनच आले. गटाराला लागून गेलेली वाहिनी गळत असली आणि पाणी एक दिवसाआड सुटत असले, की मधल्या काळात रिकामी वाहिनी बाहेरची घाण आत ओढून घेते. त्या गल्लीत इतरही रुग्ण होते. शिवाय ही कावीळ लागण झाल्यापासून साधारणपणे पाच-सहा आठवड्यांनी दिसते. त्यामुळे कालच्या भेळेला दोष देण्यात अर्थ नसतो. परंतु ज्या घरात वर्षानुवर्षे पाणी उकळले जात होते, ते घर एका शब्दावर विसंबून बेसावध झाले. म्हणून आज त्या शब्दाविषयी लिहितो आहे.

आपल्याकडे 'पेटंट' म्हणजे हमखास. एखाद्याचा पेटंट विनोद असतो, एखादीची पेटंट आमटी असते. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा आम्ही बाटलीत मिक्श्चर भरून, खुणेची कागदी पट्टी चिकटवून देत असू. त्यावर काही रुग्ण हळूच म्हणत, "मिक्श्चर नको डॉक्टर, पेटंट औषध द्या." म्हणजे छापील वेष्टनातले, कंपनीचे, खात्रीचे! कायद्यातल्या पेटंटचा या खात्रीशी काही संबंध नाही.

आपला पेटंट कायदा १९७० चा. नवा शोध लावणाऱ्याने तो कसा चालतो हे सविस्तर लिहून सरकारकडे द्यायचे. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्याने बनवायची नाही, असा हा सौदा आहे. आपल्या राज्यातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात जातात. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, अर्जदाराने परीक्षणाची मागणी केली की परीक्षक त्याची छाननी करतो आणि हरकतींचा अहवाल पाठवितो. ही कागदपत्रे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. गुरुजींचा थोरला मुलगा पुण्यात अभियंता आहे. त्याने त्या नळाची सगळी कागदपत्रे छापून मला आणून दिली आणि दोन संध्याकाळी मी ती वाचून काढली. औषधांची पत्रके वाचायची आम्हाला सवय असतेच, हेही तसेच बारीक अक्षरांचे प्रकरण निघाले.

परीक्षक तीन प्रश्न विचारतो. वस्तू नवी आहे का? त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचली नसती, असे तिच्यात काही आहे का? आणि उद्योगात ती बनविता किंवा वापरता येईल का? या नळाच्या बाबतीत पहिली हरकत मला अगदी रास्त वाटली. नळ जुना, कोळशाचे काडतूसही जुने. कायद्याच्या तिसऱ्या कलमातील 'एफ' उपकलम म्हणते की, माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या आणि दोन्ही आपापले जुनेच काम करीत राहिल्या, तर तो शोध नव्हे. छत्रीला पंखा बांधला तर छत्री छत्रीचे काम करते, पंखा पंख्याचे. परीक्षकाने आधीची दोन विदेशी पेटंट्स पुढे करून तेच विचारले होते, की नळात गाळणी घातली यात नवे काय?

ही कसोटी पोकळ नाही. मिर्झापूरच्या भांडी बनविणाऱ्या दोन व्यवसायांतील वाद १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. लेथवर फिरविताना भांडे घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचे ते पेटंट होते. कारखान्यातील कुशल कारागीर रोजच्या कामात ज्या सुधारणा करतो, त्यापेक्षा अधिक काही त्यात असले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले आणि ते पेटंट टिकले नाही.

नळाच्या अर्जदाराने मग उत्तर दिले. ठरावीक लिटर पाणी गेल्यावर आतली एक चकती सरकते आणि पिण्याच्या पाण्याची वाट आपोआप बंद होते. म्हणजे नळ आणि काडतूस एकमेकांवर अवलंबून काम करतात, नुसते शेजारी नाहीत. त्याने आपला दावा त्या चकतीपुरता आखूड केला, सुनावणी झाली, पेटंट मिळाले. माझ्या मते योग्यच मिळाले. जुने काडतूस लोक वर्षानुवर्षे बदलत नाहीत, त्यावरचा हा चांगला उपाय आहे. पण वाचकांनी लक्षात घ्यावे, पेटंट मिळाले ते चकतीला. पाणी शुद्ध करणाऱ्या भागाला नव्हे, कारण तो भाग नवा नव्हताच.

आणि या साऱ्या पत्रव्यवहारात पाण्याचा एक थेंबही तपासला गेला नव्हता. कोणी प्रयोगशाळेत त्या नळातून काविळीचे विषाणू सोडून पाहिले नव्हते. कायद्याप्रमाणे कार्यालय नमुना मागवू शकते, पण नमुना मागविणे म्हणजे पाण्याची चाचणी घेणे नव्हे. याच कायद्याच्या तेराव्या कलमात तर साफ लिहिले आहे की, या परीक्षणामुळे पेटंट वैध असल्याचीदेखील हमी मिळते असे समजू नये. पेटंटचीच हमी नाही, तिथे पाण्याची कोठून असणार? परीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ते त्याचे कामच नाही.

आता नळाच्या मानेत काय मावते ते पाहू. बहुतेक अशा नळांत सक्रिय कोळसा असतो. तो क्लोरीनचा वास, रंग, काही कीटकनाशके व रसायने धरून ठेवतो. पाणी चवीला छान लागते. क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट त्यातून बहुतांशी तसेच जातात. रोगजंतूंचा हिशोब वेगळा. काडतूस चहाच्या कपाएवढे, समजा दोनशे मिलिलिटरचे. नळाखाली लिटरची बाटली दहा सेकंदांत भरत असेल, तर पाणी काडतुसात फार तर दोन सेकंद राहते. कोळशाने व्यापलेली जागा वजा केली तर त्याहूनही कमी. क्लोरीनने पाणी निर्जंतुक करताना आपण अर्धा तास थांबतो, हे ध्यानात घ्या.

काही नळांत बारीक छिद्रांच्या पोकळ धाग्यांची गाळणी असते. ती चांगल्या प्रतीची असेल तर जिवाणू अडवते. विषाणूंचे मात्र तसे नाही. काविळीचा विषाणू मोहरीएवढा धरला, तर विषमज्वराचा जिवाणू नारळाएवढा होईल. नारळ अडविणाऱ्या जाळीतून मोहरी सहज जाते. त्याहून बारीक छिद्रांच्या गाळण्या मिळतात, पण धाग्याला चीर गेली किंवा रबराची कडी सैल बसली, की उपयोग संपला. अतिनील किरणांचा दिवा बसविलेले नळही आले आहेत. हे किरण विषाणूंवर काम करतात, पण पाणी स्वच्छ हवे आणि वीज हवी. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किरण आत पोचत नाहीत, आणि विजेचे आपल्याकडे काय चालते ते मी सांगायला नको.

जिवाणू नाहीत म्हणजे पाणी सुरक्षित, हा समज किती महाग पडतो, ते दिल्लीने डिसेंबर १९५५ मध्ये पाहिले. पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या उपशाजवळ आले. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण पुढील काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ई' प्रकारची होती हे पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्या राज्यात इचलकरंजीने २०१२ साली हीच कावीळ सोसली. ज्या उपचारातून जिवाणू गेले, त्यातून विषाणू वाचू शकले, एवढे यावरून घ्यायचे.

कोळशाच्या नळाचा आणखी एक धोका फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. नगरपालिकेने टीसीएल पावडर टाकून जो पहारेकरी घरापर्यंत पाठविला, त्याला आपण दारातच रजा देतो. मग ते बिनपहाऱ्याचे पाणी आपण माठात भरतो, त्यात ओगराळे बुडते, मुलांचे हात बुडतात. शिवाय रात्रभर ओल्या कोळशात जिवाणू वाढतात. कोळशाला चांदी लावली असेल तर ती वाढ मंदावते, थांबेलच असे नाही. असा नळ घरात असेल तर सकाळचे पहिले पाणी थोडे सोडून द्यावे, आणि त्यातले पाणी साठवू नये, लागेल तसे घेऊन प्यावे. अमेरिकेतील नळाच्या गाळण्यांवर ठळक इशारा असतो, की जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित किंवा अज्ञात पाण्यासाठी ही वापरू नका. ज्या गावात चोवीस तास, दाबाखाली, क्लोरीनचे पाणी येते तिथली ही वस्तू. आपल्याकडे ती येते, पण इशारा बऱ्याचदा वाटेत गळतो.

मग खोक्यावर काय पाहावे? अतिनील किरणांच्या शुद्धीकरण यंत्रासाठी भारतीय मानक आय.एस. १४७२४ आहे, आर.ओ. यंत्रासाठी आय.एस. १६२४०. तो क्रमांक असेल तर किमान विचारण्याजोगे काही आहे. नळावर नुसते आय.एस.आय. चिन्ह असेल तर त्याचा क्रमांक वाचा. आय.एस. ८९३१ हे पितळी नळाचे मानक आहे. नळ म्हणून तो पक्का आहे एवढेच त्याचे म्हणणे, पाणी शुद्ध होते असे नव्हे. दुकानदाराकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यात विषाणूंची चाचणी आहे का ते बघा. अहवाल नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवा. 'पेटंट अर्ज दाखल' आणि 'पेटंट प्राप्त' यांतही फरक आहे. अर्ज कोणीही करू शकतो. पेटंट नसताना आहे म्हणून सांगणे गुन्ह्यासारखेच आहे, आणि २०२३ च्या जन विश्वास कायद्याने त्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत नेला आहे.

ज्यांनी असा नळ आधीच घेतला आहे त्यांनी तो काढून फेकू नये. चव सुधारायला, वास घालवायला तो चांगला आहे. पण पावसाळ्यात, गावात काविळीचा एक जरी रुग्ण असला तर, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर बाराही महिने, त्या नळाचे पाणी उकळूनच प्यावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते, वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. ते त्याच भांड्यात झाकून गार करावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. गॅस परवडत नसेल तर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गाळणीच्या नळाचे पाणी घेत असाल तर मेडिक्लोर गाळल्यानंतर टाकावे. आधी टाकले तर कोळसा ते खाऊन टाकील.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा ग्रामपंचायतीत ओ.टी. चाचणीची छोटी पेटी असते. मोफत करून देतात, मागायला संकोच नको. नळाला पाणी सुटल्यावर थेट वाहिनीचे पाणी त्या नळीत घ्यायचे, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मग तेच पाणी आपल्या गाळणीच्या नळातून घेऊन पुन्हा थेंब टाका. रंग बहुधा येणार नाही. रंग वाहिनीच्या पाण्यालाही आला नाही, तर विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.