रझांचा ठिपका

मंडळी, नुसते त्रिकोण, चौकोन नि गोल काढलेले चित्र पाहिले की आपण विचारतो, ‘यात कळायचं तरी काय?’ प्रश्न रास्तच आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घेऊ.

रझांचा जन्म १९२२ सालचा, मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात. चित्रकलेचे पहिले धडे आपल्या नागपुरात, पुढचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. तेव्हा ते रस्ते, घरे, डोंगर जसे दिसत तसे जलरंगात काढीत. १९४८ साली काश्मिरात त्यांना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रांत बांधणी नाही, सेझानची चित्रे अभ्यासा, असे त्यांनी सुचवले. १९५० साली रझा फ्रान्सला गेले, आणि तिथल्या डोंगरगावांची घरे त्यांच्या चित्रांत चौकोन-त्रिकोण होऊन बसली.

बांधणी म्हणजे काय, ते रोहण्याच्या शिवारातही दिसेल. बांधावर उभे राहा. कपाशीच्या ओळी दूर जाताजाता एकमेकींजवळ येतात. हा एक त्रिकोण. कौलारू छपराची दोन पाखी मिळतात, तो दुसरा. मावळता सूर्य म्हणजे गोल. आता रान, घर, सूर्य ही नावे विसरा. उरले ते आकार आणि रंग. रझांनी पुढे तेवढेच ठेवले.

आणि तो मोठा काळा गोल? तो शाळेतला, बरं का! लहानपणी त्यांचे चित्त थाऱ्यावर नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडेच पाहायला सांगितले. तोच ठिपका १९८०च्या सुमारास ‘बिंदू’ होऊन चित्रांत आला, तो २०१६ साली रझा वारले तोवर राहिला. त्यांची कबर मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी आहे.